सीटबेल्ट "अडकला तर?" बकल धरतं कसं आणि सुटतं कसं?

रंकाळाकाठी

परवा आईला घेऊन राजारामपुरीत डॉक्टरांकडे गेलो होतो. आई मागच्या सीटवर, डाव्या बाजूला. मागे बसलं तरी बेल्ट लावायचाच हा माझा हट्ट, त्यामुळे तिनं कुरकुरत लावला. पोचल्यावर लाल बटण दाबलं तर सुटेना. मी मागचं दार उघडून दाबून बघितलं, तरी नाही. पट्टा ओढला, हलवला, पुन्हा दाबला, तेव्हा कुठं एकदाचा सुटला. सगळा मिनिटभराचा खेळ, पण आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आता ती म्हणते, "गाडीला काही झालं आणि हे असंच अडकलं तर मी काय बांधून पडू? मला नको तुझा पट्टा." तिला नुसतं "काही होत नाही गं" म्हणून गप्प बसवायचं नाही. त्या डबीच्या आत नेमकं काय असतं? पट्टा कशावर धरला जातो, बटण दाबल्यावर काय हलतं, आणि अपघातात तो सुटेल याचा भरवसा काय? कुणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा, मी तिला वाचून दाखवणार आहे.

गाडी सहा वर्षांची आहे. पुराच्या पाण्यात कधी गेलेली नाही, ठोकलेली नाही. चैत्र यात्रेला जोतिबाला गेलो तेव्हा जाताना हाच बेल्ट व्यवस्थित चालत होता.

टायर_ट्यूब

दोन थेंब मशीनचं तेल सोडा. विषय संपला.

उद्यमनगर_फिटर

तेल अजिबात सोडू नका. का ते शेवटी सांगतो.

मी उद्यमनगरात प्रेस टूलचं काम करतो, बत्तीस वर्षं झाली. भंगारातल्या गाडीचं एक बकल मी उघडून बघितलं होतं, त्यावरून सांगतो. कंपनीगणिक आकार वेगळे असतात, पण तत्त्व तेच.

पट्ट्याला जी लोखंडी पट्टी असते तिला आपण जीभ म्हणू. जिभेला मधे चौकोनी भोक असतं. जीभ डबीत घातली की ती आधी एका सरकत्या तुकड्याला मागं रेटते. त्या तुकड्यामागं स्प्रिंग असते. त्याला ढकल्या म्हणा. ढकल्या पुढं असतो तोवर तो खटक्याला वर उचलून धरतो. जीभ पूर्ण आत गेली, ढकल्या मागं सरकला, की खटक्याचा आधार जातो आणि तो थेट जिभेच्या भोकात पडतो. तुम्हाला ऐकू येतं ते "खट्" हेच. लगेच त्या खटक्याच्या डोक्यावर एक छोटी सरक येऊन बसते. आता खटक्याला आपणहून वर उठायला जागाच राहत नाही.

सोडताना हेच उलटं होतं. लाल बटण त्या सरकेला बाजूला नेतं, खटका वर उठतो, आणि ढकल्यामागची दाबून बसलेली स्प्रिंग जिभेला बाहेर फेकते. चांगल्या बकलातून जीभ टुणकन उडी मारून बाहेर येते, तिला ओढावं लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता आईंच्या भीतीबद्दल. जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर असायचा, आठवतोय का? बाहेरून दहा माणसांनी दार ढकललं तरी अडसर निघत नाही, कारण ढकलणं एका दिशेला आणि अडसर सरकणार दुसऱ्या दिशेला. बकलात तेच आहे. पट्टा ओढला जातो लांबीच्या दिशेनं, खटका हलतो वर-खाली. म्हणून कितीही हिसका बसला तरी सुटत नाही. पण बाहेरून माणसं ढकलत असताना तो अडसर काढायला गेलात तर काय होईल? घट्ट लागणार. लाकडावर लाकूड दाबलेलं असतं. ढकलणं थांबलं की एका बोटानं निघतो. त्या दिवशी आईंनी घाबरून पट्टा पुढं ताणून धरला असणार आणि तसंच बटण दाबलं असणार. पाठ सीटला टेकवून पट्टा सैल करून दाबायला सांगा.

तेल का नको? तेल धूळ धरून ठेवतं. महिन्याभरात आत काळा लगदा होतो आणि ती सरक, ढकल्या, सगळंच जड चालायला लागतं. शिवाय बऱ्याच बकलांत बेल्ट लावलाय की नाही हे कळायला बारका स्विच असतो, त्यावरही ते जातं.

टायर_ट्यूब

मानलं फिटरकाका. मी माझ्या जुन्या गाडीत सोडलं होतं, त्यानंतर बटण जडच झालं होतं. आज कारण कळलं.

आंबा_घाट

एक शंका. कधीकधी बेल्ट ओढताना मधेच घट्ट होतो, पुढं येतच नाही. तोही बकलाचाच दोष का?

उद्यमनगर_फिटर

नाही, ते दुसरं यंत्र. खांबाच्या आत पट्टा गुंडाळणारं रीळ असतं. गाडीला हिसका बसला किंवा पट्टा झटक्यात ओढला की ते कुलूप लागल्यासारखं थांबतं. थोडा मागं सोडा आणि सावकाश ओढा, येतो. लोक दोन्हीला "बेल्ट अडकला" म्हणतात, पण रीळ अडकणं हे त्याचं काम आहे, बकल अडकणं हा दोष आहे.

आर_टी_ओ_नको_रे

शहरात वीस-तीसच्या वेगानं चालताना बेल्टची गरजच काय? महाद्वार रोडवर गाडी ढकलत न्यावी लागते, बेल्ट कुठं लावता. हायवेला ठीक आहे. वर आईंची भीती खरी आहे. आग लागली, पाण्यात गाडी गेली, तर बांधलेला माणूस आधी मरतो.

वकिली_शाहूपुरी

@आर_टी_ओ_नको_रे, कायद्यापुरतं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार बेल्ट न लावल्यास १००० रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालील मुलांना बांधायची जबाबदारीही त्याच कलमात आहे. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३८(३) पुढं तोंड केलेल्या मागच्या सीटलाही लागू आहे, म्हणजे आईंच्या जागेलाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर बेल्टशिवाय होते असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्यानंतर मागच्या बेल्टची देशभर चर्चा झाली, तोवर आपण सगळेच मागच्या सीटला सोफा समजत होतो.

सीपीआर_नाइट_ड्युटी

मी अपघात विभागात काम करतो. (बाई आहे, पण कोल्हापूरची आहे, "करतो"च म्हणणार.) @आर_टी_ओ_नको_रे, "बांधलेला माणूस आधी मरतो" हे कृपा करून पसरवू नका. आग आणि पाणी हे अपघातांतले थोडेच प्रकार असतात. आमच्याकडे रात्री येतात ते डॅशबोर्डवर आपटलेले, काचेतून बाहेर फेकले गेलेले, आणि मागून उडून पुढच्या सीटवरच्या माणसाला मोडणारे. गाडी जळाली किंवा बुडाली तरी बाहेर पडायला माणूस शुद्धीवर लागतो, हात चालायला लागतात. बेल्टशिवाय डोकं आपटून बेशुद्ध पडलेल्याला बकल उघडायचा प्रश्नच येत नाही, तो तसाच राहतो.

रंकाळाकाठी, आईंना हे माझ्याकडून सांगा. बेल्ट त्यांना बांधून ठेवायला नाही, शुद्धीवर ठेवायला आहे.

गंगावेस_धारोष्ण

ताई "करतो" म्हणाल्या तिथंच कळलं, पक्की आमच्या पेठेतली!

ऊसवाला_गगनबावडा

मी हे प्रत्यक्ष भोगलंय, म्हणून मोठं लिहितो.

तीन वर्षांपूर्वी, गाळप हंगाम. रात्री साडेदहाला गगनबावड्याकडून येत होतो. समोर उसाची ट्रॉली, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. शेवटच्या क्षणी दिसली, स्टिअरिंग ओढलं, गाडी रस्त्याकडेच्या चरीत जाऊन उलटी झाली. चाकं वर, मी बेल्टला लटकलेला. शेजारी पोरगा, तेव्हा चौदा वर्षांचा, तोही लटकलेला. दोघांनाही खरचटण्यापलीकडं काही नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं, सुटलं नाही. तुमच्या आईंना वाटली ती भीती मला तेव्हा वाटली. माझं वजन पंच्याऐंशी किलो, सगळा भार पट्ट्यावर. फिटरकाकांनी सांगितलेला अडसर, बरोबर तसंच. मग पोरगं ओरडलं, "पप्पा, छताला हात लावा." मी डावा हात छतावर टेकवला, जे आता खाली होतं, आणि अंग वर रेटलं. पट्टा जरा सैल पडला. उजव्या हातानं पुन्हा दाबलं आणि खट्कन सुटलं. हात टेकवला होता म्हणून मानेवर पडलो नाही. मग त्याला खांद्यावर धरलं आणि त्याचं दाबलं.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाला हे शिकवलंय. आधी हात टेकवायचा, भार उचलायचा, मग अंगठा. आणि ट्रॉलीवाल्यांनो, मागं रिफ्लेक्टर लावा. हात जोडून सांगतो.

सीपीआर_नाइट_ड्युटी

दादा, पोरगा शहाणा आहे तुमचा. एक जोड देतो. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील आणि आग-पाण्याचा धोका नसेल, तर स्वतः सोडवून घेऊ नका. मदत येईपर्यंत तसेच थांबा.

मानकवाला

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या तपासणीत काम केलं आहे. "सुटेल याचा भरवसा काय" याला नियमांत नेमकं उत्तर आहे.

युरोपातला सीटबेल्टचा नियम १६ हा जगभर आधार मानला जातो, आपलं भारतीय मानकही त्याच धर्तीवर आहे. त्यात बकल आधी ५००० वेळा उघडझाप करून जुनं करतात. मग बेल्ट बांधलेल्या पुतळ्यासह धडक चाचणी. त्यानंतर पट्ट्यावर ताण ठेवूनच बटण दाबून बघतात, आणि ते उघडायला ६० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. ६० न्यूटन म्हणजे साधारण सहा किलोचा भार अंगठ्यानं दाबण्याइतका. वयस्कर माणसाला जड, पण अशक्य नाही. दोन्ही अंगठे वापरले तर नक्कीच जमेल.

दुसरं, बटण लाल का? नियमच आहे की दाबायची जागा लाल हवी आणि बकलाचा दुसरा कुठलाही भाग लाल नको. कारण सोडवणारा माणूस परका असतो. धुरात, अंधारात, रस्त्यावरून धावत आलेल्या माणसाला क्षणात कळलं पाहिजे कुठं दाबायचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बकल "अर्धवट लागलेलं" राहता कामा नये. एक तर पूर्ण लागेल, नाही तर जीभ बाहेर ढकलली जाईल. फिटरकाकांचा ढकल्या तेच काम करतो. अर्धवट अडकलेली जीभ बाहेरून लागल्यासारखी दिसते आणि धडकेत सुटते. ते अडकण्यापेक्षा कितीतरी वाईट.

नऊवारी_ड्रायव्हर

अर्धवट लागण्यावरून सांगते. साडीचा पदर किंवा ओढणीचं टोक जिभेबरोबर आत जातं, आणि "खट्" नीट होत नाही. मुलीच्या साखरपुड्याला जाताना माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं, कराडपर्यंत कळलं नाही. आता मी बकल लावल्यावर पट्टा एकदा जोरात वर ओढून बघते. बायकांनी पदर आधी मांडीवर घ्यावा, मग बेल्ट. आणि खालचा पट्टा पोटावर नाही, ओटीखाली, हाडावर. गरोदर बाईनं तर नक्कीच.

बारक्या_भाचा

मी एक कबूल करतो. बेल्ट न लावता गाडी चालवली की टूं टूं वाजतं म्हणून मी ऑनलाइन एक नुसती जीभ मागवली होती, बकलात खुपसून ठेवायला. वाजायचं बंद झालं. वाचतोय सगळं आणि आता लाज वाटतेय.

मानकवाला

लाज वाटून घेऊ नका, ती आजच काढून टाका. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि शेजारच्या सीटसाठी ती सूचना सक्तीची झाली. खोटी जीभ घातली की स्विचला वाटतं माणूस बांधलाय. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या होत्या, त्या यासाठीच.

बारक्या_भाचा

काढली. कचऱ्यात टाकली. आईच्यान.

उजळाईवाडी_उड्डाण

जरा विषयांतर. परवा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो, कोल्हापूर-मुंबई. तिथला बेल्ट वेगळाच! बटण नाही, पोटावरच्या बकलाचं झाकण उचलायचं. मी बाजूला बटण शोधत बसलो, शेजारच्या काकूंनी दाखवलं.

मानकवाला

म्हणूनच हवाई सुंदरी प्रत्येक उड्डाणाआधी ते उघडून दाखवतात. घाबरलेला माणूस सवयीनं कमरेच्या बाजूला हात नेतो. मोटारीचा तीन ठिकाणी धरणारा बेल्ट नील्स बोहलिन यांनी व्होल्वोत १९५९ साली आणला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करत होते. माणूस एका हातानं, एका हालचालीत लावेल आणि सोडेल असा पट्टा हवा, हा त्यांचा आग्रह. कंपनीनं ते पेटंट सगळ्या उत्पादकांना खुलं ठेवलं. हे वाचलं की मला दर वेळी भरून येतं.

शिरोली_पूल

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझी गाडी चार दिवस पाण्यात होती. इंजिन, वायरिंग, सगळं करून घेतलं. बेल्टकडं कुणी बघितलं नाही, मीही नाही. दोन वर्षांनी बकल उघडलं तर आत गाळ आणि गंज. जीभ लागायची पण उडी मारायची नाही, ओढून काढावी लागायची. फिटरकाका, हेच ना ते लक्षण?

उद्यमनगर_फिटर

हेच. पुरात गेलेल्या गाडीची सगळी बकलं आणि रिळं बदला, गाळ कधीच पूर्ण निघत नाही. धडकेत ओढ बसलेला बेल्टही बदलायचा. आणि एक धोक्याचं: सीटखाली पिवळ्या वायरी दिसल्या तर हात लावू नका. काही गाड्यांत धडकेच्या क्षणी बकल खाली ओढून घेणारी बारूदाची नळी तिथं असते. बकल बदलायचं ते जाणकाराकडूनच.

रंकाळाकाठी, तुम्ही गायब झालात. मला सांगा, बटण दाबून सोडलं की लगेच वर येतं का सावकाश? आणि जोतिबाहून परत येताना आई कुठं बसल्या होत्या?

रंकाळाकाठी

गायब नव्हतो, आईला वाचून दाखवत होतो. गगनबावड्याचा अनुभव ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

बटण सावकाश वर येतं, तुम्ही म्हणता तसंच. आणि जोतिबाहून येताना सगळे गुलालात न्हालेलो होतो, आई त्याच जागेवर. का हो?

उद्यमनगर_फिटर

टॉर्च घ्या आणि त्या फटीत बघा.

रंकाळाकाठी

गुलाबी! जीभ जाते त्या खाचेत आणि बटणाच्या कडेला चिकट गुलाबी थर. त्यावर आईनं ओला रुमालही पुसला होता म्हणे.

गंगावेस_धारोष्ण

चांगभलं! नाथानं गुलालाचा प्रसाद थेट बकलात दिला.

उद्यमनगर_फिटर

गुलाल कोरडा असता तर हवेच्या प्रेशरनं निघाला असता. ओल लागली की त्याची लापशी होऊन सरकेवर बसते, मग बटण परत येत नाही. आधी हवा मारून बघा. त्यानं जीभ टुणकन उडी मारायला लागली तर ठीक. नाहीच लागली तर नवं बकल घाला. जीवाच्या वस्तूत काटकसर नको. इथून पुढं जोतिबाला जाताना बकलांवर कोरडं फडकं गुंडाळून ठेवा आणि गाडीत बसण्याआधी कपडे झटका.

सीटकव्हर_संभ्रम

माझी अडचण त्याहून वेगळी. नवीन सीटकव्हर घातली तेव्हा कारागिरानं मागची तिन्ही बकलं कव्हरखाली गाडून टाकली. "मागं कोण लावतंय?" म्हणाला. हा धागा वाचून आज ब्लेडनं कव्हर कापून बाहेर काढली. कव्हर वाकडंतिकडं दिसतंय, पण चालतंय.

नऊवारी_ड्रायव्हर

वाकडंच छान दिसतं. पोरांना शाळेत सोडताना फोटो काढून टाका.

आर_टी_ओ_नको_रे

ताई, दादा, सगळ्यांचं वाचलं. माझं पहिलं म्हणणं मी मागं घेतो. महाद्वार रोडवरही लावणार.

रंकाळाकाठी

शेवटचं सांगायचं राहिलं होतं. हवा मारून फरक पडला नाही, बटण जडच राहिलं. नवं बकल घालून घेतलं, पिवळ्या वायरीला मी हात लावला नाही. आई काल संध्याकाळी गाडीत बसली, दार उघडं ठेवून वीस-पंचवीस वेळा लावून-सोडून बघितलं. एकदा मुद्दाम पट्टा ताणून दाबलं, मग पाठ टेकवून दाबलं. "हं, अडसर," म्हणाली. मग तिनं जुनं बकल मागून घेतलं आणि फटीतला गुलाल काडीनं काढून तुळशीत टाकला.

उद्या कागलला आत्याकडे जायचंय. आत्याचाही बेल्टला विरोध आहे, आणि आई म्हणते तिला समजवायचं काम तिचं.

उद्यमनगर_फिटर

जाताना पट्टा पिळलेला नाही ना, तेवढं बघा. पिळलेला पट्टा रिळात नीट जात नाही.